वगळलेली तीन वचनं

१ सप्टेंबर, रविवार

उपासना संपली आणि पाळकसाहेबांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "ताई, एक छोटंसं काम होतं." पाळक असं हळू बोलायला लागले की समजावं, काम मोठं आहे आणि फुकटचं आहे. निघालंही तसंच. अंध बायकांच्या वसतिगृहासाठी शास्त्रातले शंभर अध्याय ध्वनिमुद्रित करून हवेत. आवाज माझा.

आढेवेढे घेतले थोडे, पण खरं सांगायचं तर आतून उकळ्या फुटत होत्या. एकोणतीस वर्षं बसस्थानकावर घोषणा केल्या मी. गाडी दोन तास उशिरा येणार हे असं गोड सांगायचे की लोक भांडायचं विसरायचे. निवृत्त झाल्यापासून हा आवाज दोनच कामांना लागतो. रविवारी चर्चच्या मंडळीत सूचना वाचायला आणि घरी यांना जेवायला हाक मारायला. मंडळीत निदान लोक ऐकतात तरी.

अध्यायांची यादी ऑर्गनबाईंनी काढलीय. बाई साठ वर्षं आमच्याकडे ऑर्गन वाजवतात. जन्मापासून दिसत नाही, ऐकू मात्र नको तेवढं येतं. यादी यांच्या अक्षरात आहे. "तुम्ही कधीपासून त्यांचे कारकून झालात?" मी विचारलं. हे म्हणाले, "त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. माझं काय जातंय?"

काय वाचलं, कुठे चुकलं, याची नोंद ठेवायला ही वही केलीय. बाकीचं रडगाणं हिच्यात लिहायचं नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

पाळकांचे झगे ठेवायच्या खोलीत बस्तान मांडलं. खिडकीला दोन ब्लँकेटं ठोकली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, टेबलावर चादर घातली म्हणजे पान उलटल्याचा आवाज येऊ नये. पहिला अध्याय पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्ची करकरली. दुसऱ्यांदा माझं पोट बोललं. तिसऱ्यांदा बाहेर कोणीतरी दणदणीत शिंकलं. चौथ्यांदा जमलं.

ऑर्गनबाई काठी टेकत आल्या आणि नियम सांगून गेल्या. प्रत्येक अध्याय आधी त्या ऐकणार, मगच वसतिगृहात जाणार. शेवटी "अध्याय संपला" असं स्पष्ट म्हणायचं. आणि छापलंय तेवढं सगळं वाचायचं. "आवडलं नाही म्हणून गाळायचं नाही हं. डोळस माणूस पान उघडून बघू शकतो. आम्हाला तू जेवढं देशील तेवढंच शास्त्र."

मी म्हटलं, "बाई, एकोणतीस वर्षं कागदावर होतं तेच वाचलंय मी."

"बसचं वाचलंयस," त्या म्हणाल्या.

खवचट म्हातारी.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज तीन अध्याय. घसा उत्तम.

हे पुन्हा केस कापायला गेले. पंधरवड्यात दुसऱ्यांदा! डोक्यावर मोजून सतरा केस, त्यातले पाच कानावरचे, आणि यायला लागतात दोन तास. विचारलं तर म्हणतात, "कापायला वेळ नाही लागत गं, शोधायला लागतो."

या नव्या न्हाव्याचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले. हात हलका आहे, दुकान आरशासारखं ठेवतो, चहा पाजतो. वर तो माझ्या गुडघ्याची चौकशी करत होता म्हणे. मी भडकलेच. म्हणजे हे तिथे खुर्चीत बसून गावभर माझ्या गुडघ्याचा डंका पिटतात! त्यावर यांनी मुकाट्याने खिशातून मलमाची डबी काढली. न्हाव्याने पाठवलीय. ओळख ना पाळख.

२१ सप्टेंबर, शनिवार

मलमाने आराम पडला, हे कबूल करायला हवं. कठडा न धरता जिना उतरले. न्हाव्याला फुकटचं घेतल्यासारखं नको म्हणून चार पांढरे टॉवेल शिवले, कडेला निळी दुमड घालून, आणि यांच्या हाती दिले. दुकानात लागतातच. हे ते टॉवेल छातीशी धरून उभे राहिले, जसं काही मी यांनाच दिलेत. म्हटलं, "जा आता, का ओवाळू?"

मलम अगदी धाकटं आणायचं तेच आहे. तोच कापराचा वास. मला वाटत होतं ते मिळायचं बंद झालं.

धाकट्याचं इथे लिहायचं नव्हतं. पण आलंच आहे ओठावर तर लिहिते. थोरली लग्न होऊन लांब गेली. धाकटं आमच्याजवळ राहील असं मी धरून चालले होते. जन्माला मुलगी म्हणून आलं, अठ्ठावीस वर्षं आम्ही मुलगी म्हणूनच वाढवलं, आणि चार वर्षांपूर्वी माझ्यासमोर बसून, हात मांडीवर ठेवून म्हणालं, "आई, मी मुलगा आहे. आधीपासूनच. आता तसंच राहणार आहे." मी थोडं बोलले. आईने बोलू नये का? ते निघून गेलं. चार वर्षांत फोन नाही. म्हणजे मी केला नाही. त्याने पहिल्या वर्षी सहा वेळा केला होता, मी उचलला नाही.

आज वाचन : दोन अध्याय.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मोठ्या संदेष्ट्याचा छप्पन्नावा अध्याय. बाराच वचनं, चुटकीसरशी होईल म्हणून शेवटी ठेवला होता. तिसऱ्या वचनात तो शब्द आला. षंढ. आमचं भाषांतर जुनं, त्यात तसंच आहे. भांडणात शिवी म्हणून ऐकलेला शब्द हा, वेदीच्या भिंतीला लागून बसून कसा उच्चारायचा? वसतिगृहातल्या म्हाताऱ्या बायका ऐकणार. मी दुसऱ्या वचनावरून सरळ सहाव्यावर गेले. श्वाससुद्धा तुटला नाही, कसलेली आहे मी. शेवटी "अध्याय संपला" म्हटलं आणि यंत्र बंद केलं.

शब्द वाईट म्हणून गाळलं. दुसरं काही कारण नाही.

घरी येऊन भाजीत दोनदा मीठ घातलं. हे एक अक्षर न बोलता जेवले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

२ ऑक्टोबर, बुधवार

पकडले गेले.

ऑर्गनबाईंनी निरोप पाठवून बोलावलं. ऑर्गनच्या बाकावर बसल्या होत्या, यंत्र मांडीवर. म्हणाल्या, "दुसऱ्या वचनावरून सहाव्यावर उडी मारलीस."

"पान चिकटलं होतं," मी म्हटलं. साठी उलटल्यावर शाळकरी पोरीसारखी थाप! तीही अशा बाईपुढे, जिला अर्धं शास्त्र पाठ आहे.

"बरोबर तीन वचनांपुरतं चिकटलं?"

मी म्हटलं, "शब्द घाण आहे बाई."

"शब्द घाण आहे, मान्य. आणि त्याच्या पुढे काय लिहिलंय?"

मला माहीत होतं. सांगितलं नाही. मग त्यांनीच सांगितलं, कळपट्ट्यांवर बोटं नुसती ठेवून, न दाबता. देव म्हणतो, त्या माणसाने असं म्हणू नये की मी वठलेलं झाड आहे. मी त्याला माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत जागा देईन, आणि मुलामुलींहून मोठं असं नाव देईन, ते कधी पुसलं जाणार नाही.

"मी विशीत होते," त्या म्हणाल्या. "एक स्थळ आलं होतं. मुलाची आई माझ्यासमोरच माझ्या आईला म्हणाली, आंधळी ती, हिला कसला संसार, हे वठलेलं झाड कोण दारात लावील? आंधळी म्हणजे बहिरीसुद्धा, असं वाटतं लोकांना. त्या आठवड्यात आमच्या पाळकांनी मला ही तीन वचनं वाचून दाखवली. तेव्हापासून ती माझी आहेत. त्यांच्यावर जगले मी. आणि तू नेमकी माझीच गाळलीस."

मी सॉरी म्हटलं. पुन्हा वाचते म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आज नको. जेव्हा खरंच वाचता येईल तेव्हा वाच."

घरी येऊन बराच वेळ चपला न काढता बसले होते. आता लिहूनच टाकते. त्या दिवशी मी धाकट्याला 'थोडं' बोलले नव्हते. मी म्हटलं होतं, "वठलेलं झाड होशील तू. ना फळ ना सावली. आणि आई म्हणून माझं नाव कुठे लावू नकोस." हेच शब्द. घोषणेच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून. धाकट्याने चपला घातल्या, एका पायाची उलटी घातली, आणि तसंच गेलं.

ते वचन मला लहानपणापासून पाठ आहे. म्हणजे देवाने ज्याला जे म्हणू नको सांगितलं, नेमकं तेच मी माझ्या लेकराला म्हटलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

हे चष्मा घरी विसरून न्हाव्याकडे गेले. चष्म्याशिवाय रस्ता कसा ओलांडतील म्हणून मी मागोमाग निघाले. शिवाय मलमाचे आभार मानायचे होतेच. चौकातून डावीकडे, औषधांच्या दुकानाशेजारी. काच स्वच्छ, बाहेर कुंडी.

हे खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसले होते. गळ्याभोवती माझा निळ्या दुमडीचा टॉवेल. आणि वस्तरा हातात घेऊन यांच्या गालावर वाकलं होतं धाकटं.

दाढी राखलीय. बारीक, नीट कोरलेली. खांदे रुंद झालेत. पण वाकताना जीभ दातांत धरायची सवय तीच, चित्र रंगवताना धरायचं तशी. यांच्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवून त्याने तोंड वर केलं आणि काहीतरी म्हणालं, तसे हे डोळे मिटूनच हसले. चार वर्षांत घरी यांना असं हसताना मी पाहिलं नाही.

मी आत गेले नाही. चष्मा औषधवाल्याकडे ठेवला, म्हटलं, शेजारच्या दुकानात एक टकले गृहस्थ आहेत त्यांना द्या.

वाटेत खूप राग आला. मला फसवलं, दोघांनी मिळून! आणि घराजवळ येईपर्यंत त्या रागाचं काय झालं कळलं नाही, कुलूप उघडेना इतकं रडू येत होतं. हे आले. चष्मा नाकावर होता. माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दाढी छान झालीय." हे म्हणाले, "हो ना?" बस, एवढंच बोलणं झालं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

यादीतला पुढचा अध्याय प्रेषितांच्या हकिकतींतला आठवा. त्यातही तोच शब्द. हसूच आलं. या म्हातारीने आणि माझ्या नवऱ्याने मिळून यादी केलीय, आणि मी मात्र अध्यायांवर खुणा करत बसले होते!

या वेळी वाचला. शब्दासकट. तो शब्द ज्याला लावलाय तो राणीचा खजिनदार, रथात बसून घरी चाललेला, मोठ्याने शास्त्र वाचत. देवाच्या मंदिराला इतक्या लांबून जाऊन आलेला, आणि जुन्या नियमाप्रमाणे त्याच्यासारख्याला सभेत घ्यायचं नाही. शुभवर्तमान सांगणारा एक जण रथाबरोबर धावतो, मग आत बसून त्याला समजावतो. वाटेत पाणी लागतं. खजिनदार म्हणतो, हे बघा पाणी, माझा बाप्तिस्मा व्हायला काय अडचण आहे? तिथे मी थांबले. घोषणेनंतर पाच मोजायची सवय आहे मला. पाच मोजले. चालणार नाही असं त्याला कोणीच म्हणत नाही. दोघे पाण्यात उतरतात.

ऑर्गनबाईंना ऐकवलं. मी म्हटलं, "बाई, आमचं धाकटं आणि तो रथातला माणूस, एक नव्हे ते."

"नव्हेच," त्या म्हणाल्या. "मीही एक नव्हे. पण दारात उभं करून प्रश्न तिघांनाही विचारले गेले. आतले लोक सारखेच असतात गं."

हे आज न्हाव्याकडे निघाले तेव्हा मी म्हटलं, "सावकाश या." हे दारातून मागे वळून दोनदा बघून गेले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला, दुसरा घेतला, तरी विषय काढेनात. मीच म्हटलं, "साहेब, कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही ताई. येतंय," म्हणाले आणि अर्ज टेबलावर ठेवला.

आमच्या मंडळीत नव्याने यायचं असेल तर अर्ज करावा लागतो. मग तीन रविवार ते नाव सूचनांमध्ये वाचतात आणि विचारतात, कोणाची हरकत आहे का. तिसऱ्या रविवारी अर्जदाराने उभं राहून "मी इथे आहे" म्हणायचं. झालं. सूचना मी वाचते. म्हणजे नाव मीच वाचायचं.

धाकट्याने नव्या नावाने अर्ज केला होता. ते नाव मी लिहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं. दोन अक्षरी. चांगलं आहे. मी ठेवलं असतं तर असंच काहीतरी ठेवलं असतं.

"मी त्याला विचारलं," पाळक म्हणाले, "शहरात इतक्या मंडळ्या आहेत, इथेच का? म्हणाला, लहानपणापासून शास्त्र ऐकलं ते इथल्या ऑर्गनसोबत आणि आईच्या आवाजात. दुसरीकडे ते परकं वाटतं." मग खाली बघत म्हणाले, "मला सगळं समजलंय असं नाही ताई. मी वाचतोय, प्रार्थना करतोय. पण नाही म्हणायला मला शास्त्रात आधार सापडेना."

अर्जात वडिलांचं नाव होतं. त्याखाली 'आईचे नाव', आणि पुढे रेघ. मारून ठेवलेली रेघ. विसरलेलं नव्हतं.

मीच सांगितलं होतं ना, लावू नकोस म्हणून.

२७ ऑक्टोबर, रविवार

घसा बसला असं सांगितलं. पाळकांनी वाचलं, भराभर, लोकांना धड कळलंही नाही.

घसा उत्तम आहे. मी भित्री आहे. पाळक नाव वाचत होते तेव्हा ऑर्गनबाईंनी मान माझ्या दिशेला वळवली, दिसत नसून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला झालं.

३ नोव्हेंबर, रविवार

आजही पाळकांनीच वाचलं. आणि दादा उभा राहिला.

दादा माझा सख्खा भाऊ, मंडळीचा सगळ्यात जुना पंच. ज्याने धाकट्याला खांद्यावर बसवून या हॉलभर फिरवलं तो. म्हणाला, "माझी हरकत आहे. नियमशास्त्रात स्पष्ट लिहिलंय, असा माणूस मंडळीत येता कामा नये." बसताना माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं तो माझ्या बाजूने बोलला. त्याचा काय दोष? चार वर्षांपूर्वी त्याच्या घरी जाऊन मीच छाती बडवली होती.

हे उठले आणि बाहेर गेले. मी गेले नाही. जायला हवं होतं.

शनिवारी पंचांची बैठक. हरकतीला शास्त्रातून उत्तर मिळालं तरच तिसऱ्यांदा नाव वाचायचं, नाहीतर अर्ज बाद. पाळक म्हणाले, एकदा बाद झाला तर तो पुन्हा करणार नाही. मला ठाऊक आहे. सहा फोनांनंतर सातवा केला नव्हता त्याने.

५ नोव्हेंबर, मंगळवार

छप्पन्नावा अध्याय पुन्हा वाचला.

सकाळी दहाला बसले, दुपारी तीन वाजले. अकरा वेळा थांबले. दर वेळी तिसऱ्या वचनावर. शब्दाचं काहीच वाटलं नाही आता, तो येतो आणि जातो. झाडाशी आवाज फाटतो. बाराव्यांदा फाटला तरी थांबले नाही, तशीच पुढे गेले, घरात, भिंतींच्या आत, मुलामुलींहून मोठं नाव. नाक ओढल्याचासुद्धा आवाज आहे त्यात. एकोणतीस वर्षांत इतकं वाईट वाचन केलं नव्हतं.

"अध्याय संपला" म्हटलं. या वेळी तो खरंच संपला होता.

ऑर्गनबाईंनी ऐकलं. म्हटलं, "परत घेऊ का?"

"खबरदार," त्या म्हणाल्या. डोळे पुसत होत्या.

९ नोव्हेंबर, शनिवार

पंचांच्या बैठकीला यंत्र घेऊन गेले. बायकांनी तिथे बोलायची पद्धत नाही. म्हटलं, "मी बोलत नाहीये, यंत्र बोलणार आहे," आणि बटण दाबलं.

सात पुरुष, आणि टेबलावर माझा फाटलेला आवाज. मला मान वर करवेना. अध्याय संपला. दादा म्हणाला, "यात एका ठिकाणी तुझा आवाज गेलाय. नीट घ्यायचं ना परत."

"तिथेच जायला हवा होता, दादा. मी हेच म्हटलं होतं त्याला. वठलेलं झाड. तुला सांगितलं नव्हतं."

दादा एकदम म्हणाला, "मला म्हणाली होतीस, पोर उद्धट बोलून निघून गेलं."

"खोटं बोलले होते."

पाळकांनी हळूच विचारलं, नियमशास्त्रातली आज्ञा आणि संदेष्ट्याचं हे वचन, दोन्ही याच शास्त्रात आहेत. जे नंतर आलं त्यात देव दार लावतोय का उघडतोय? वाद झाला. बराच झाला. एक जण म्हणाला, उद्या कोणीही येईल. दुसरा म्हणाला, येऊ दे की, बाकं अर्धी रिकामी आहेत. शेवटी सगळे दादाकडे बघायला लागले.

दादा म्हणाला, "माझं मत बदललेलं नाही. म्हातारा झालोय, एका बैठकीत बदलत नाही. पण याला उत्तर माझ्याकडे नाही. उद्या नाव वाचा. मी उभा राहणार नाही."

जाताना त्याने यंत्राची वायर गुंडाळून माझ्या पिशवीत नीट ठेवून दिली. लहानपणी माझं दप्तर भरायचा तसा.

१० नोव्हेंबर, रविवार

घाईघाईत लिहितेय, आत माणसं आहेत. पण आज लिहिलं नाही तर पुढे मलाच खरं वाटणार नाही.

सूचना वाचायला उभी राहिले. वसतिगृहाच्या वर्गणीची सूचना, साफसफाईच्या पाळीची सूचना, मग तो कागद. मागच्या बाकांकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर जमलं नसतं. माझा नियम असा की घोषणा करताना कागद बघायचा, माणसं बघायची नाहीत.

त्याचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. दोन अक्षरं, मोठ्याने, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत जातील अशी. मग वडिलांचं नाव वाचलं. त्याखाली रेघ. छापलंय तेवढंच वाचायचं, असं शिकलेली बाई मी. मी वाचलं, "आईचे नाव," आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण. कागदावर नव्हतं ते.

पहिल्या बाकावर कोणाचा तरी श्वास ऐकू आला. मी विचारलं, "कोणाची हरकत आहे?" आणि मनात पाच मोजले. चारला दादा खोकला. नुसताच खोकला होता.

मग मागून उत्तर आलं, "मी इथे आहे."

मी चटकन यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं हेच बोलले. तोच खर्ज, वाक्य संपताना जरासं थांबायची तीच लकब. हे तर तोंडावर रुमाल दाबून बसले होते. आवाजावर पोट भरलेली बाई मी, आणि पोटच्या पोराचा आवाज मला ओळखू आला नाही. तो बदलत होता तेव्हा मी फोन उचलत नव्हते.

अजून दोन सूचना वाचायच्या राहिल्या होत्या. नाही वाचल्या. तशीच खाली उतरले आणि मधल्या वाटेने चालत निघाले. सगळ्यांच्या माना माझ्याबरोबर वळत होत्या, वळू देत. ऑर्गनबाईंनी न सांगताच ऑर्गन सुरू केला, उपासना अर्धीसुद्धा झालेली नसताना. शेवटच्या बाकाशी तो उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात समोरच्या बाकावर घट्ट, माझ्याकडे न बघता. त्याला वाटलं असणार मी बाहेर निघालेय.

मी समोर थांबले आणि नाव घेतलं. या वेळी हळू, घरात हाक मारतात तसं.

"काय गं आई," तो म्हणाला.